डोंगर आणि गळालेलं प्रश्नचिन्ह

माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला दर वर्षी मंडळीचं कॅलेंडर लागतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं वर्षश्राद्ध नव्हे तर ‘स्मरणदिन’, सगळं त्याच्यावर. मे महिन्याच्या पानावर बर्फाची शिखरं होती आणि त्यांच्या पायथ्याशी सोनेरी अक्षरांत स्तोत्र १२१ मधलं पहिलं वचन. छापणाऱ्यानं ते पूर्णविरामावर संपवलं होतं.

“आत्या, याचा अर्थ काय गं?” मी विचारलं.

पोळी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, “डोंगराकडे बघितलं की देव आठवतो. मदत वरूनच येते ना बाबा.”

आत्याच्या श्रद्धेला मी कशाला हात लावू? पण त्या वचनाच्या शेवटी पूर्णविराम नाही. तिथे प्रश्न आहे. बोलणारा माणूस डोंगरांकडे डोळे वर करतो आणि विचारतो की मला साहाय्य येणार तरी कुठून. उत्तर दुसऱ्या वचनात आहे, आणि कॅलेंडरवर तेवढी जागा नव्हती.

स्तोत्रसंहितेतल्या वचनांचा अर्थ कसा लावायचा, असं प्रार्थनासभेतली तरुण मुलं मला अधूनमधून विचारतात. त्यांना हिब्रू शिकायला वेळ नसतो, जाडजूड भाष्यग्रंथ घरी नसतात. एक वचन पुढ्यात घेऊन त्याच्याशी कसं बसायचं एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून हे एकच वचन घेतो. १५० स्तोत्रांतलं पुष्कळदा छापलं गेलेलं आणि सहज उलटं वाचलं जाणारं.

पहिली गोष्ट, वचनाचा अर्थ शोधायच्या आधी ते वाक्य कसलं आहे ते बघा. कुणी काही सांगतंय, विचारतंय, मागतंय, की कुरकुरतंय? आपण बायबलचं वचन म्हटलं की ते विधानच असणार असं धरून चालतो. स्तोत्रं मात्र माणसांनी देवाशी केलेलं बोलणं आहे, आणि आपल्या बोलण्यात प्रश्न, तक्रार, मनधरणी, सगळं असतं.

आता हे प्रश्नचिन्ह गळतं कसं, ते बघण्यासारखं आहे. मूळ हिब्रू लिखाणात विरामचिन्हंच नव्हती. स्वरांच्या खुणा आणि वाचनाच्या खुणासुद्धा मासोरेती या यहुदी पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात घातल्या, आणि त्यांतही आपल्यासारखं प्रश्नचिन्ह नाही. मग प्रश्न आहे हे ओळखायचं कशावरून? शब्दावरून. इथला शब्द आहे ‘मेआयिन’, म्हणजे ‘कुठून’. हिब्रूत हा प्रश्न विचारायचा शब्द आहे. ‘जिथून’ म्हणायचं असेल तर हिब्रू वेगळी रचना करते. ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनीही प्रश्नाचाच शब्द ठेवला. गडबड झाली ती लॅटिनमध्ये. तिथला ‘उन्दे’ हा शब्द दोन्ही कामं करतो, ‘कुठून’चंही आणि ‘जिथून’चंही. जुन्या इंग्रजीतल्या शब्दाचीही तीच गत. १६११ च्या इंग्रजी बायबलात ते वाक्य असं बसलं की वाचणाऱ्याला वाटावं, ज्या डोंगरांतून मदत येते त्या डोंगरांकडे हा बघतो आहे. गंमत म्हणजे त्याच बायबलाच्या समासात भाषांतरकारांनी दुसरा पर्याय नोंदवला होता, आणि त्यात प्रश्न होता. समास कोण वाचतो! १८८५ साली सुधारून काढलेल्या इंग्रजी आवृत्तीत प्रश्नचिन्ह मजकुरात आलं, पण तोवर पावणेतीनशे वर्षं लोकांनी ते वचन पाठ केलं होतं. पाठ झालेलं वचन सहजी दुरुस्त होत नाही.

इथे मराठी माणसाला एक सोय आहे आणि ती आपल्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे ‘क’चे शब्द आणि ‘ज’चे शब्द वेगळे आहेत. कुठून-जिथून, कोण-जो, कधी-जेव्हा. मराठी भाषांतरकाराला कुंपणावर बसता येत नाही. ‘कुठून’ लिहायचं की ‘जिथून’, ते ठरवावंच लागतं. म्हणून आपलं मराठी बायबल काढून बघा. तिथे ‘क’चा शब्द आहे. कॅलेंडरवर चिन्ह गाळलेलं असलं तरी ‘क’ शिल्लक राहतो, आणि जरा थांबून वाचलं की तो बोलतो. आत्याच्या कॅलेंडरवरही तो होता. आम्ही दोघांनी तो वर्षानुवर्षं वाचून ओलांडला होता.

हिब्रूच्या नावानं घाबरू नका, असं मी मुलांना म्हणतो ते यासाठीच. दोन-तीन भाषांतरं शेजारी शेजारी ठेवा. बायबल सोसायटीचं मराठी असेल, पंडिता रमाबाईंचं मिळालं तर फारच उत्तम. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम हातावेगळं केलं, आणि पुस्तक छापून आलं १९२४ साली. एकट्या बाईनं मूळ भाषांवरून अख्खं बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणं जगात बोटांवर मोजावीत इतकी. शिवाय एखादं हिंदी, एखादं इंग्रजी भाषांतर घ्या, मोबाइलवर सगळी फुकट आहेत. ती जिथे एकमेकांशी पटवून घेत नाहीत, तिथे पेन्सिलीनं खूण करा. गाठ तिथेच आहे.

याच वचनात आणखी एक खूण पडेल, ती क्रियापदावर. डोळे ‘वर करतो’, ‘वर करीन’, की ‘वर करू का?’ हिब्रू क्रियापदाच्या त्या रूपात हे तिन्ही सामावतात. तिसरं घेतलं तर सगळं वचनच संशयाचं होऊन जातं: डोंगरांकडे बघू का मी? तिथून काय मिळणार आहे? मला हे वाचन आवडतं, पण ते छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. दुसऱ्या अर्ध्यातला प्रश्न मात्र पक्का.

जुनी कॅथलिक पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी एक व्यवहारी सूचना. तिथे हे स्तोत्र १२० क्रमांकाखाली सापडेल. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकत्र धरलंय, त्यामुळे पुढचे बरेचसे क्रमांक एकानं मागे पडतात. पुस्तक चुकलेलं नाही.

आता डोंगर.

दख्खनच्या माणसाला डोंगर दिसला की माथ्यावर देऊळ असणार हे सांगावं लागत नाही. जेजुरी, सप्तशृंगी, वेताळटेकडी. धर्म कुठलाही असो, डोंगर म्हणजे देवाची जागा हे आपल्या हवेतच आहे, आणि ते आपण नकळत या स्तोत्रात घेऊन जातो. ते गैर नाही, फक्त आपण काय बरोबर नेलं त्याची जाणीव असावी. मग विचारायचं की स्तोत्र रचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठले डोंगर होते?

स्तोत्राच्या डोक्यावर एक ओळीचं शीर्षक आहे. ते आपण बहुतेक सोडून देतो, प्रार्थनासभेत तर कधीच वाचत नाही. १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांवर ते आहे आणि त्यात ‘चढणे’ किंवा ‘पायऱ्या’ या अर्थाचा शब्द येतो. यरुशलेमला वर्षातून तीन सणांना यात्रा भरायची: वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण. त्या यात्रेला निघालेल्यांची ही गाणी, असं बरेच जाणकार मानतात. मिश्ना या प्राचीन यहुदी ग्रंथात या पंधरा गाण्यांचा संबंध मंदिरातल्या पंधरा पायऱ्यांशी जोडलाय, ज्यांच्यावर उभं राहून लेवी लोक गात. दोन्हींत चढ आहेच. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच. पूर्वेकडचं यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे एका दिवसात हजार मीटरची चढण, उघड्याबोडक्या खडकाळ डोंगरांतून, पाण्याचा पत्ता नाही. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीतला वाटसरू याच रस्त्यावर लुटला गेला. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही ‘असं कसं झालं’ म्हणून विचारलं नाही. रस्ता माहीत होता सगळ्यांना.

तर त्या डोंगरांचे तीन अर्थ लावले जातात. एक, ते यरुशलेमच्या भोवतीचे डोंगर, यात्रेकरूला लांबून दिसलेले. वारीत कळस दिसला की पाय आपोआप भराभर पडतात तसं. याच संग्रहातल्या १२५ व्या स्तोत्रात यरुशलेमभोवती डोंगर असल्याचा उल्लेख प्रेमानं येतो, हा त्याचा पुरावा. दोन, ते टेकड्यांवरच्या पूजास्थानांचे डोंगर, जिथे लोक दुसऱ्या दैवतांकडे मदतीला जात. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात नीतिमान माणसाचं वर्णन करताना डोंगरांवरचं जेवण आणि मूर्तींकडे डोळे वर करणं या दोन गोष्टी एका दमात आल्या आहेत, आणि यिर्मया तर टेकड्यांवरचा गोंगाट ही फसवणूक आहे असं तिसऱ्या अध्यायात सरळच म्हणतो. तीन, ते वाटेतले भयाचे डोंगर. खिंडीत कोण दबा धरून बसलं असेल, कुठे दरड असेल, रात्र कुठे पडेल.

कुठला निवडायचा? इथे लोक आपल्या आवडीनं निवडतात, आणि मग अर्थ लावणं म्हणजे रंगीत खडे वेचणं होतं. निवड करायची ती बाकीचं स्तोत्र वाचून. आठच वचनं आहेत, दोन मिनिटं लागत नाहीत. पुढे काय येतं? पाय घसरण्याची गोष्ट. राखणाऱ्यानं पेंगू नये ही गोष्ट. दिवसाचं ऊन, रात्रीचा चंद्र. उजव्या हाताची सावली. बाहेर जाणं आणि आत येणं. सगळा मामला वाटेचा आहे. म्हणून माझा कौल तिसऱ्या अर्थाकडे झुकतो. घराच्या उंबऱ्यात उभं राहून समोरची चढण बघणारा, पोटात गोळा आलेला माणूस मला तिथे दिसतो. दुसऱ्या अर्थालाही मी दार लावत नाही, कारण दुसऱ्या वचनातलं उत्तर त्यालाही लागू पडतं. साहाय्य आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याकडून येतं, असं तो म्हणतो. म्हणजे हे डोंगरही त्यानंच घडवलेले, मग ते भयाचे असोत की दैवतांचे.

‘आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माता’ हे शब्द स्तोत्रांत इतरत्रही येतात, १२४ व्यात आणि १३४ व्यातही. यात्रेकरूंच्या तोंडी बसलेलं ते बिरुद असावं, जसं आपल्याकडे देवाचं नाव घेताना त्याच्यामागे ठरलेलं विशेषण आपसूक येतं. अशी ठरलेली बिरुदं आपण वाचताना सरकवून देतो. पण इथे प्रश्नाचं सगळं उत्तर त्या बिरुदात आहे.

यानंतर मी मुलांना एक खेळ खेळायला सांगतो. स्तोत्रात ‘मी’ कुठपर्यंत आहे आणि ‘तू’ कुठून सुरू होतो, तिथे रेघ मारा. रेघ दुसऱ्या आणि तिसऱ्या वचनांच्या मध्ये पडते. पहिल्या दोन वचनांत माणूस स्वतःविषयी बोलतो, तिसऱ्यापासून कुणीतरी त्याच्याशी बोलू लागतं. कोण ते? देव नाही, कारण देवाविषयी ‘तो’ असं म्हटलंय. याजक असेल, सोबतचा यात्रेकरू असेल, घरी राहणारी म्हातारी असेल. निघणारा आणि निरोप देणारी माणसं, दोघांचं मिळून हे गाणं आहे असं एकदा ध्यानात आलं की ते एकट्यानं मनात वाचायला अपुरं वाटतं. दोघांनी वाचून बघा. एकानं दोन वचनं म्हणायची, दुसऱ्यानं सहा.

निरोपाच्या या भागात एक बारकावा आहे आणि तो भाषांतरांत बहुतेक वेळा बुजतो. हिब्रूत ‘नाही’साठी दोन शब्द आहेत. एक पक्क्या नकाराचा, ‘लो’. दुसरा विनवणीचा किंवा इच्छेचा, ‘अल्’. तिसऱ्या वचनात ‘अल्’ आहे, चौथ्यात ‘लो’. आपल्या भाषेत याला तंतोतंत जोड आहे: ‘न घसरो’ आणि ‘घसरणार नाही’. तिसरं वचन म्हणतं, तुझा पाय न घसरो, तुझा राखणारा न पेंगो. ही निरोप देणाऱ्याची इच्छा आहे, आशीर्वाद आहे. मग चौथ्यात तोच माणूस जणू स्वतःला सावरून म्हणतो की इस्राएलाचा राखणारा पेंगतही नाही आणि झोपतही नाही. इच्छा आधी, भरवसा मागून. बऱ्याच भाषांतरांत दोन्हीकडे ‘नाही’च छापलेलं असतं आणि सगळं वचन हमीपत्रासारखं वाटू लागतं.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली होती. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतला एक माणूस विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून गेला. सांत्वनाला गेलो तेव्हा पाळक पोचले नव्हते, काहीतरी वाचा म्हणून कुणीतरी बायबल माझ्या हातात दिलं. मी सवयीनं १२१ उघडलं. तिसऱ्या वचनापाशी आल्यावर माझ्या आवाजातलाच शब्द मला ऐकू आला आणि मी थबकलो, पण मधेच थांबता येईना. भिंतीला टेकून बसलेल्या त्यांच्या बायकोनं वाचन संपल्यावर हळूच विचारलं, “मग यांचा पाय कसा घसरला?” खोलीत कुणी हललं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्या बाईंना पुरेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण ते वचन मी हमी म्हणून वाचलं ही चूक माझी होती. आशीर्वाद म्हणून ते निघताना वाचायचं असतं, पडल्यावर जाब म्हणून ऐकवायचं नसतं.

बायबलनं स्वतःच याबद्दल सावध केलंय. पाय दगडाला लागू नये म्हणून दूत तुला झेलतील, अशा अर्थाचं वचन ९१ व्या स्तोत्रात आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ते वचन कोण म्हणतं? सैतान. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून तो म्हणतो, मार उडी, लिहिलेलंच आहे. वचन खरं होतं. येशूनं उडी मारली नाही.

आणि हीच पंधरा गाणी पुढेमागे वाचली तर दिसतं की त्या लोकांना दुखापत माहीत नव्हती असं नाही. १२० वं स्तोत्र भांडखोर शेजाऱ्यांत अडकलेल्याचं आहे. १२९ व्यात पाठीवर नांगर फिरवल्यासारखे वळ आहेत. १३० वं तर खोल गर्तेतून मारलेली हाक आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या मंडळ्यांत वचनाची कार्डं काढतात. टोपलीतून एक उचलायचं आणि ते वर्षभराचं वचन समजायचं. मीही काढतो, मजा येते. पण त्या टोपलीत १२९ व्या स्तोत्राचं कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही.

परत शब्दांकडे येतो, कारण या स्तोत्राचा जीव एका शब्दात आहे. ‘शामर’ हा धातू आठ वचनांत सहा वेळा येतो. रक्षण करणे, सांभाळणे, जपणे, अशी भाषांतरं होतात आणि कधी कधी एकाच स्तोत्रात आलटून पालटून होतात. भाषांतरकाराला तोच तो शब्द नको वाटतो. पण कवीला तोच हवा होता. मला विचाराल तर मराठीत याला ‘राखणे’ हा शब्द चपखल बसतो. ‘रक्षण’ म्हटलं की पोलीस आठवतो. ‘राखण’ म्हटलं की जोंधळा हुरड्याला आला की रानात माळा घालून रात्रंदिवस बसलेला माणूस आठवतो. हातात गोफण, खाली शेकोटी, दिवसा पाखरं, रात्री डुकरं. त्याची खरी लढाई पाखरांशी नसते, स्वतःच्या झोपेशी असते. पहाटे तीनला मान पुढे पडते, दचकून वर येते. हिब्रूतही ‘पेंगणे’ आणि ‘झोपणे’ यांना दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि चौथ्या वचनात दोन्ही आली आहेत. आधी पेंग, मग झोप, अगदी माळ्यावर होतं त्याच क्रमानं. कोकणात आणि गोव्यात गावाची राखण करणाऱ्या दैवताला ‘राखणदार’ म्हणतात, आणि तिथला वाचक हा शब्द आपल्यापेक्षा जास्त अंगानं ओळखेल.

यात एक टोमणाही लपलेला असावा. कर्मेल डोंगरावर एलीया बाल या दैवताच्या संदेष्ट्यांना चिडवतो, जोरात ओरडा, तुमचा देव कदाचित झोपला असेल. राजांच्या पहिल्या पुस्तकातला अठरावा अध्याय. डोंगर, मदतीची हाक, झोपलेला देव. हे तिन्ही स्तोत्रातही आहेत, म्हणून डोंगरांच्या दुसऱ्या अर्थाला दार लावत नाही असं म्हटलं.

शक्य असेल तर हे स्तोत्र हिब्रूत कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. अर्थ कळला नाही तरी चालेल. महाराष्ट्रात यासाठी परदेशी जायला नको. बेने इस्राएल हा यहुदी समाज शतकानुशतकं कोकणात राहिला, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवून घेतलं, आणि घरात मराठी बोलत हिब्रू प्रार्थना जपल्या. १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. आज त्यांतले बहुतेक इस्राएलात आहेत, तिथेही मराठी बोलणारे म्हातारे भेटतात. वाचताना कानाला जाणवेल की एका वचनाच्या शेवटचा शब्द पुढच्या वचनाच्या सुरुवातीला पुन्हा येतो. पहिलं वचन ‘एझ्री’, म्हणजे ‘माझं साहाय्य’, यावर संपतं आणि दुसरं त्याच शब्दानं सुरू होतं. पुढे पेंगण्याचा शब्द तसाच उचलला जातो. मोरोपंत वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण याला दामयमक म्हणतो. चढणीच्या गाण्यात शब्दही पायरी-पायरीनं चढतात. आणि प्रश्न जिथे संपतो तोच शब्द उत्तराची पहिली पायरी होतो, हे कळल्यावर पहिलं वचन एकटं तोडून छापणं म्हणजे जिन्याची एकच पायरी भिंतीवर टांगण्यासारखं आहे.

ऊन आणि चंद्राबद्दल फार अडू नका. उन्हाचा झटका आपल्याला समजतो. चंद्रही बाधतो असं त्या काळी लोक मानत, आणि दिवस-रात्र मिळून ‘सगळा वेळ’ हा अर्थ आहे. पंचांग काढून बसायची गरज नाही.

शेवटच्या वचनातलं जाणं-येणं मात्र सोडू नका. हिब्रूत क्रम असा आहे: तुझं बाहेर जाणं आणि तुझं आत येणं. आधी जाणं. मराठीत आपण ‘येणं-जाणं’ म्हणतो, ‘ये-जा’ म्हणतो, आणि निघताना तर ‘जातो’ म्हणायची सोयच नाही. चपला पायात घालताना ‘येतो’ म्हणायचं आणि आतून ‘ये जाऊन’ असं उत्तर यायचं. परतण्याची इच्छा आपण जाण्याच्याही आधी बोलून टाकतो. हिब्रू गाणं जाण्याला जाणं म्हणतं, भीती नाव घेऊन सांगतं, आणि मग परत आणतं. कित्येक यहुदी घरांत दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे वचनांची गुंडाळी ठेवलेल्या डबीला, हात लावून बाहेर पडताना हेच वचन म्हणतात. बाळंतिणीच्या खोलीत हे सबंध स्तोत्र लिहून लावायची रीतही त्यांच्यात आहे. दोन्ही जागा बघा, उंबरा आणि बाळंतपण. कुणीतरी बाहेर पडतंय, आणि पुढे काय होईल ते माहीत नाही. स्तोत्राचा अर्थ कळायला ज्यांनी ते शतकानुशतकं वापरलं त्यांनी ते कुठे टांगलं हे पाहणं पुष्कळदा भाष्यग्रंथाइतकंच उपयोगी पडतं.

यहुदी भक्तिपरंपरेत या ‘मेआयिन’चं एक वेगळंच वाचनही आहे. ‘आयिन’ म्हणजे ‘शून्य, काहीच नाही’ असाही शब्द हिब्रूत आहे. म्हणून हसीदी गुरू म्हणतात, माझं साहाय्य शून्यातून येतं. सगळे आधार संपले की तिथून. व्याकरणाच्या परीक्षेत हे नापास होईल. पण वचनावर मनन करणं आणि वचनाचा अर्थ लावणं ही दोन कामं आहेत, आणि दोन्ही करावीत. फक्त कुठलं काम चाललंय ते स्वतःला सांगावं, आणि प्रार्थनासभेत बोलत असाल तर इतरांनाही.

आत्याला मी हे सगळं सांगत बसलो नाही. तव्यावरची पोळी उतरेपर्यंत एवढंच म्हणालो की हे वचन म्हणजे प्रश्न आहे, उत्तर पुढच्या ओळीत आहे. तिनं पदराला हात पुसून बायबल काढलं, चष्मा लावला, आठही वचनं ओठ हलवत वाचली. मग म्हणाली, “म्हणजे तो माणूस घाबरलेला होता होय? मला वाटायचं तो फोटो काढायला उभा आहे.”

तुम्हाला हात बसवायचा असेल तर याच्या पुढे दोन पानं उलटा आणि १२३ वं स्तोत्र घ्या. चारच वचनं आहेत. तिथेही सुरुवातीला कुणीतरी डोळे वर करतो, पण मधे डोंगर येत नाही. तेच प्रश्न विचारून बघा: वाक्य कसलं आहे, ‘मी’चे ‘आम्ही’ कुठे झाले, कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि दासीचे डोळे नेमके कशाकडे लागले आहेत. चेहऱ्याकडे नाही, एवढं आधीच सांगतो.